गुमर्सबाखचा हँडबॉल संघ

जर्मनीच्या पश्चिम भागात कोलोन नावाचे मोठे शहर आहे. तेथून पूर्वेकडे सुमारे 50 किलोमीटर गेले, म्हणजे डोंगराळ मुलूख लागतो. या टेकड्यांच्या कुशीत गुमर्सबाख हे गाव वसले आहे. गावाची वस्ती जेमतेम 50 हजारांची. येथे ना मोठे बंदर, ना राजधानीचे वैभव. परंतु युरोपात जेथे जेथे हँडबॉलचा खेळ चालतो, तेथे तेथे या गावाचे नाव आदराने घेतले जाते.

हँडबॉल हा हातांनी खेळावयाचा चेंडूचा खेळ आहे. पूर्वी जर्मनीत तो उघड्या मैदानावर खेळत व प्रत्येक बाजूस 11 गडी असत. पुढे तो छपराखालच्या क्रीडागृहात खेळला जाऊ लागला व गड्यांची संख्या 7 झाली. क्रीडांगण 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद असते. चेंडू हातात घेऊन कोणत्याही गड्यास तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत. गोलासमोर 6 मीटरांवर एक रेषा आखलेली असते. तिच्या आत गोलरक्षकावाचून कोणीही पाऊल टेकवावयाचे नसते. म्हणून हल्ला करणारा गडी रेषेबाहेरून उंच झेप घेतो आणि अधांतरी असतानाच चेंडू गोलात फेकतो. चपळाई, बळ आणि प्रसंगावधान या तिन्ही गुणांची येथे कसोटी लागते.

गुमर्सबाखची क्रीडासंस्था 1861 साली स्थापन झाली. आरंभी ते केवळ एक व्यायाममंडळ होते. गावातील तरुणांनी एकत्र जमावे व शरीर कमवावे, एवढाच त्याचा हेतू. याच मंडळातून पुढे हँडबॉलचा संघ उदयास आला. 1966 साली या संघाने पश्चिम जर्मनीचे अजिंक्यपद प्रथमच पटकावले. पुढच्याच वर्षी युरोपातील विजेत्या संघांच्या चषकासाठी त्याची गाठ प्रागच्या बलाढ्य डुक्ला संघाशी पडली. गावचे क्रीडागृह अपुरे पडत असल्याने असे मोठे सामने डॉर्टमुंड शहरात होत. तेथे गुमर्सबाखने 17 विरुद्ध 13 गोलांनी विजय मिळवला.

या यशात हान्सी श्मिट या गड्याचा वाटा मोठा होता. तो मूळचा रुमानियातील. 1963 साली तो पश्चिम जर्मनीत आला व तेथेच राहिला. त्याची झेप विलक्षण होती. त्याच्याबरोबर प्रतिपक्षाचे रक्षकही हात उंचावून उडी घेत. परंतु श्मिट चेंडू फेकण्याची घाई करीत नसे. रक्षक खाली येऊ लागले, की त्याचा हात वेगाने फिरे आणि चेंडू गोलात जाऊन पडे. एका क्षणाचा धीर किती मोलाचा असतो, हे त्याच्या खेळावरून दिसून येई.

1967, 1970, 1971, 1974 आणि 1983 असा पाच वेळा हा युरोपीय चषक या लहानशा गावात आला. 1966 पासून 1991 पर्यंत संघाने 12 वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले.

परंतु या संघाची खरी कसोटी एका दुर्दैवी प्रसंगी लागली. योआखिम डेकार्म हा त्याचा अत्यंत गुणी गडी. 1978 साली पश्चिम जर्मनीने जगज्जेतेपद मिळवले, त्या संघात तो होता. 30 मार्च 1979 रोजी हंगेरीतील तताबान्या गावी सामना चालू होता. धावता धावता डेकार्मची प्रतिपक्षाच्या एका गड्याशी टक्कर झाली व तो जमिनीवर कोसळला. जमीन सिमेंटची होती व तिच्यावर केवळ एक पातळ आच्छादन होते. डोक्यास जबर मार बसून तो बेशुद्ध झाला. पुढे 131 दिवस त्याला शुद्ध आली नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे 25 वर्षांचे होते.

शुद्धीवर आल्यावर बोलणे आणि चालणे त्याला पुन्हा शिकावे लागले. वेर्नर ह्यूर्टर या त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने 1982 पासून हे काम अंगावर घेतले. ज्याने त्याला चेंडू फेकावयास शिकवले होते, तोच आता त्याला पाऊल टाकावयास शिकवू लागला. जुने सोबतीही त्याला विसरले नाहीत. त्यांपैकी हाइनर ब्रांट हे गुमर्सबाखचेच सुपुत्र. त्यांनी 1978 साली गडी म्हणून आणि 2007 साली जर्मन संघाचे प्रशिक्षक म्हणून जगज्जेतेपद मिळवले. एवढा मान मिळूनही त्यांनी आजारी मित्राची साथ सोडली नाही.

काळ पालटला. मोठ्या शहरांतील धनवान संघ पुढे सरसावले. राष्ट्रीय अजिंक्यपदांच्या संख्येत कीलच्या संघाने गुमर्सबाखला केव्हाच मागे टाकले. 1966 साली सर्वोच्च राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तीत अखंड खेळत आलेला हा संघ अखेर 2019 साली खालच्या श्रेणीत गेला. गावावर जणू दुःखाची छाया पसरली. तरीही संघ मोडला नाही. आइसलँडचे नामांकित खेळाडू गुद्योन सिगुर्डसन यांच्या मार्गदर्शनाखाली नव्या दमाचे तरुण कसून तयारी करू लागले, आणि 2022 साली संघ पुन्हा वरच्या श्रेणीत आला.

गुमर्सबाखच्या चषकांची संख्या मोठी आहे. परंतु पडलेल्या सोबत्याला उचलून धरणे आणि स्वतः पडल्यावर पुन्हा उभे राहणे, या दोन गोष्टींची नोंद कोणत्याही चषकावर कोरलेली नसते. त्या दोन्ही या संघाला साधल्या, यातच त्याचे थोरपण आहे.

स्वाध्याय

1. हँडबॉलच्या खेळात गडी झेप घेऊन चेंडू का फेकतो?
2. हान्सी श्मिटच्या खेळाचे वैशिष्ट्य तुमच्या शब्दांत सांगा.
3. डेकार्मच्या सोबत्यांच्या वागणुकीतून कोणता गुण दिसून येतो?
4. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : प्रसंगावधान, अधांतरी, जेमतेम, अखंड.