तालीम सुटून वर्षे झाली. आता पुन्हा सुरुवात कशी करावी?



गळीत हंगाम उरकला, तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या, चिटबॉयच्या मागची धावपळ थांबली, की आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या अंगाची आठवण होते. पोट पुढे आलेले असते, डॉक्टरांनी "जरा हिंडाफिरा" म्हणून सांगितलेले असते. मग एखाद्या सकाळी गडी उठतो, जुना लंगोट शोधतो आणि वीस वर्षांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि चौथ्या दिवसापासून व्यायाम बंद! पारावर यावरून थट्टा होते. पण कधी कधी हे प्रकरण जिवावर बेतते, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

कृष्णा-पंचगंगेचा हा मुलूख तालमींचा. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यामुळे तरुणपणी लाल मातीत उतरलेले सभासद गावोगावी आढळतात. अडचण अशी की माणूस तालीम विसरतो, पण आपला जुना आकडा विसरत नाही. "आम्ही पाचशे मारत होतो" हे त्याच्या डोक्यात पक्के असते. मांड्यांना ते ठाऊक नसते.

"रानात राबतो की, आणि व्यायाम कशाला?" असेही काहीजण विचारतील. भांगलणीला जाणाऱ्या आमच्या भगिनींनी हे म्हटले तर आम्ही मान्य करू. पण नांगरट ट्रॅक्टरने, रानात जाणे मोटारसायकलवरून आणि पंप घरात बसून मोबाईलवर सुरू, अशी ज्यांची शेती आहे त्यांनी हे बोलू नये.

नुसते पडून राहिल्याने किती नुकसान होते, याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1966 साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील डल्लास येथे वीस वर्षे वयाच्या 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांचा दमसास, म्हणजे प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल ताकद, चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. पुढे 30 वर्षांनी, 1996 साली, त्याच पाचजणांना पुन्हा तपासले. वजने सरासरी 23 किलोने वाढली होती. तरीही 30 वर्षांत मिळून दमसास जितका घटला, तो त्या 3 आठवड्यांतील घटीपेक्षा कमीच भरला! मग त्यांना चालणे, सावकाश पळणे, सायकल असा व्यायाम थोडा थोडा वाढवीत 6 महिने दिला. अंथरुणावर झोपविण्यापूर्वी, विशीत, जो दमसास होता तो पन्नाशीत परत आला. पाच माणसांवरून सगळ्या जगाचा निवाडा करू नये हे खरे, पण "आता वय झालं" म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे आहे.

मात्र त्यांना 6 महिने लागले, हे ध्यानात घ्यावे. दमसास व स्नायू त्या मानाने लवकर सुधारतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मागे राहतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी हुरूप येतो, आकडा एकदम वाढविला जातो आणि गुडघा नाहीतर खांदा धरतो. कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन गळिताच्या आधी काही दिवस होते, ते केवळ पूजेसाठी नव्हे. थंड पडलेला बॉयलर एकदम तापविला तर विटकामाला तडे जातात, नळ्यांवर ताण येतो. शरीराचेही तसेच आहे.

आता धोक्याची गोष्ट. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या, त्यात ऊन आणि पाणी कमी, तर स्नायूंच्या पेशी फुटतात व त्यांतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकते. मांड्या सुजून दगडासारख्या होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. असे दिसले तर चोळत बसू नये, दुखण्याची गोळी खाऊ नये. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला आणखी इजा होऊ शकते. ताबडतोब दवाखाना गाठावा. वेळेवर सलाईन मिळाले तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. साधे अंग भरून येणे वेगळे. ते दोन-तीन दिवसांत उतरणीला लागते.

सुरुवात चालण्याने करावी. पहिले दोन आठवडे रोज 15-20 मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पुढे वाढवीत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत न्यावे. बैठका हव्याच असतील तर बाजेवर बसून उठणे हीच पहिली बैठक समजावी. दहा पुरेत, तेही दिवसाआड. आठवडाभर काही दुखले नाही तर चार-पाच वाढवावे. जोर काढताना दम कोंडू नये, रक्तदाब असणाऱ्याने तर मुळीच नाही. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला की तोंडात टाकावी. छातीत दाटले, दुखणे हातात वा जबड्यात गेले तर "पित्त झालंय" म्हणून सोडा पिऊन घरी झोपू नये.

लग्नसराईत आठ-दहा दिवस खंड पडलाच, तर पूर्वीच्या निम्म्यावरून पुन्हा धरावे.