पासपोर्ट पाहून भाडं वाढत नाही : आफ्रिकी पाहुण्यांना घेऊन मुरुड-जंजिरा

टाटा आणि केईएमच्या आसपास, भोईवाड्याच्या गल्ल्यांमध्ये आफ्रिकेतून उपचारांसाठी आलेली कुटुंबं खोल्या घेऊन राहतात. दोन केमोंच्या मधे सोबतच्या माणसांना चार दिवस मोकळे मिळतात आणि विचारणा होते : समुद्राकाठचं शांत गाव कुठलं? मुरुडला न्या. जंजिरा संस्थानावर 1948 पर्यंत आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं राज्य होतं. अदिस अबाबाच्या किंवा नैरोबीच्या माणसाला हे आधी सांगितलंत, तर किल्ला बघायची त्याची तऱ्हाच बदलते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. या वाटेवर परदेशी माणसाला जास्त दर लावायचा अधिकार फक्त पुरातत्त्व खात्याच्या खिडकीला आहे. लोकल, एसटी, लाँच, टॅक्सीचा मीटर, माशाचं ताट, सगळ्याला तुमचा जो दर तोच पाहुण्यांचा. कुणी ‘फॉरेनर रेट’ म्हणालं की छापील दरपत्रक मागा. बोलणं तुम्ही करा, पैसे तुम्ही द्या, हिशेब नंतर आपसात.

कागद. मूळ पासपोर्ट आणि व्हिसाची छापील प्रत बरोबर हवीच. फोनमधला फोटो लॉजवाले मानत नाहीत. मुक्काम 180 दिवसांच्या पुढे गेला असेल तर परदेशी नोंदणी कार्यालयाचा नोंदणीचा कागद. व्हिसा वैद्यकीय असेल तर रुग्णालयाच्या पत्राची झेरॉक्स. सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढा, एक संच तुमच्या पिशवीत राहू दे. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड विमानतळावर लागतं, लाँचवर नाही. ते खोलीवर ठेवा.

खरी अडचण लॉजची. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. बऱ्याच छोट्या लॉजवाल्यांनी त्यासाठीचं खातंच उघडलेलं नसतं, मग ऐन वेळी ‘रूम फुल’ होते. कधी कारण फॉर्म असतो, कधी पाहुण्याचा रंग, आणि काउंटरवर उभं राहून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा : परदेशी पाहुणे घेता का, फॉर्म भरता का, करासकट भाडं किती? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, त्यात पाहुणे कुठल्या देशाचे तेही लिहा. नकार यायचा तर तो फोनवर येऊ दे, सामान उतरवल्यावर नको. फॉर्म भरायला सरकार पैसे घेत नाही, तेव्हा ‘फॉर्म चार्ज’ देऊ नका. आणि हो, भोईवाड्यात तुम्हीच खोली देत असाल तर हा फॉर्म तुम्हालाही लागू आहे.

साधी खोली दोन हजारांच्या आसपास धरा. शनिवार-रविवारी आणि नाताळात आकडा बराच चढतो. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. जुन्या 12 टक्क्यांचं बिल पुढे आलं तर दुरुस्त करून घ्या. जादा गादी, गरम पाणी, एसी यांचे पैसे वेगळे आहेत का, हेही आधीच विचारा.

जायचं कसं? सगळ्यांत सोयीचं म्हणजे गेटवेहून मांडव्याची लाँच. माणशी दोनशे ते तीनशे, वरचा किंवा एसी डेक घेतला तर थोडे जास्त. या तिकिटात मांडवा-अलिबाग बस धरलेली असते. मांडव्याला उतरल्यावर रिक्षावाले गराडा घालतील; तिकीट दाखवा आणि बसमध्ये बसा. पुढे अलिबाग-मुरुड सुमारे पन्नास किलोमीटर, एसटीचे शंभराच्या आतबाहेर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तुमचं स्वतःचं काढताना विसरू नका.

गाडीसकट जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. माणशी चारशेपासून पुढे, गाडीचे वेगळे, मांडव्याला तासाभरात. धक्क्यावर जायला टॅक्सीच हवी असं नाही. शिवडीहून हार्बरची लोकल पकडा, डॉकयार्ड रोडला उतरा, तिकीट पाच रुपये. टॅक्सीच केलीत तर किमान भाडं 31 रुपये आणि भोईवाड्याहून मीटरने सव्वाशेच्या आसपास. ‘पाचशे फिक्स’ ऐकू आलं की पुढची टॅक्सी बघा.

भाड्याची गाडी करून शिवडीहून अटल सेतूवरून निघालात तर कारचा टोल एकेरी 250, जाऊन-येऊन 375. ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीच्या मुक्कामाचे पैसे आत की बाहेर, ते स्पष्ट करून घ्या. ‘सगळं धरून’ म्हणाला तरी एकेक नाव घेऊन विचारा. सगळ्यांत स्वस्त म्हणजे मुंबई सेंट्रलहून थेट मुरुड एसटी : तीनशेच्या आसपास, पण पाच तास अंग मोडून घ्यायची तयारी हवी.

केव्हा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्यतो मंगळवार ते गुरुवार. जून ते ऑगस्ट किल्ला बंद असतो, गेटवे-मांडवा लाँचही बंद. रो-रो हवामान बघून सुटते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किल्ल्याच्या होड्या थांबतात, त्या दिवशी सकाळीच उरका.

मुरुडहून राजपुरी जेट्टी रिक्षाने जवळच आहे. जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून भाडं ठरवा, नाहीतर परतताना दुसरा आकडा ऐकाल. शिडाच्या होडीचं तिकीट जेट्टीवरच्या खिडकीतून घ्या, वाटेत पुढे येणाऱ्या माणसाकडून नको. होडीत बसलं की एकजण इतिहास सांगू लागतो आणि किल्ल्यावर पैसे मागतो. तोंड उघडायच्या आधी विचारा : माणशी की सगळ्यांचे मिळून? किल्ल्यावर साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचं तळं आणि तटावरची एक चक्कर होते.

पुरातत्त्व खात्याच्या ‘ब’ वर्गातल्या स्मारकांना भारतीयांना 25 रुपये, परदेशींना 300. ऑनलाइन घेतलं तर 20 आणि 250. सार्क आणि बिमस्टेक देशांना भारतीय दर आहे, पण आफ्रिकेतला एकही देश त्यात येत नाही, वाद घालू नका. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, कुठल्याही देशाची असोत. पैसे दिले की पावती घ्या.

होडी किल्ल्याला लागते तो क्षण सांभाळायचा. दरवाजापाशी लाटेबरोबर होडी वर-खाली होते, समोर ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि होडीवाला हात धरून ‘आता!’ म्हणतो तेव्हाच पाय टाकायचा. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. लाइफ जॅकेट मागून घ्या. म्हणूनच रुग्णाला नेऊ नका. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी त्याला किनाऱ्यावर बसवा. पाणी बरोबर न्या.

लोक बघणार, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. सेल्फी मागणारे येतील, एखादं पोर केसांना हात लावायला धावेल, कुणी तोंडावर नको ते बोलेल. ‘नाही’ म्हणायचं काम पाहुण्यांवर टाकू नका; मराठीत, आवाज न चढवता, तुम्ही म्हणा. फोटो द्यायचा की नाही हे मात्र त्यांना विचारून ठरवा, काहींना मजा वाटते. कुणी अडवलं, त्रास दिला तर 112. पर्यटकांसाठी 1363 ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, तिथे परदेशी भाषांतही बोलतात.

नवाबाचा राजवाडा रस्त्यावरून बघा. तो खासगी आहे. आतून दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याऐवजी राजपुरीजवळच्या खोकरीला जा. सिद्दींच्या दगडी कबरी आहेत, गर्दी नाही. माझ्या मते आफ्रिकी पाहुण्यांना किल्ल्याइतकंच हे दाखवायला हवं, आणि नेमकं तेच सगळे सोडतात.

जेवताना मेनूवर ‘एपीएस’ दिसलं की सावध. म्हणजे भाव माशाच्या आकारावर. पापलेट, सुरमई तळायला टाकण्याआधी मासा बघा, आकडा ऐका. तिखट कमी सांगा. सर्व्हिस चार्ज बिलात घातला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. रोख आणि सुटे जवळ ठेवा. पाहुण्यांचं परदेशी कार्ड जेट्टीवर चालेल या भरवशावर राहू नका.

एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. एक रात्र राहा. परतताना मांडव्याची शेवटची लाँच संध्याकाळीच सुटते, तेव्हा मुरुड दुपारी दोनच्या आत सोडा. ती चुकली तर वडखळमार्गे रस्ता आणि रात्रीच्या टॅक्सीचा दर, तोही ठरवून घ्यायला उशीर झालेला.