भित्रे कुत्रे सांभाळताना

वर्गमित्रांनो, भित्रे कुत्रे ओळखावे कसे? ते शेपूट पायांत घालते, कान मागे पाडते, नजर चुकवते. अशा कुत्र्यापुढे एकदम हात नेला, तर ते भीतीपोटी चावते. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवावी व लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. ही लस १८८५ साली लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम दिली. तो वाचला.

आमच्या गोरेगावात पडक्या विहिरीतून काढलेली कुत्री घर मिळेपर्यंत आम्ही ठेवली होती. चार दिवस ती बाजेखालून निघेना. आजी म्हणाली, "तिच्या डोळ्यात बघू नको. तोंड फिरवून बस, भाकर टाक अन् गप ऱ्हा." मी रोज तुकडा थोडा जवळ टाकला. पाचव्या दिवशी तिने हातातून घेतला! (कांदा मात्र देऊ नये, तो कुत्र्याला विषारी असतो.) दादाने गुरांच्या दवाखान्यात तिला रेबीजची लस टोचून आणली.

मग आखाड्यावर राहणाऱ्या काकांनी तिला मागितले. मला द्यायची नव्हती. पण आमचे घर रस्त्यावर. ट्रॅक्टर गेला की ती थरथर कापायची. आखाड्यावर शांत असते. तिचे गोणपाट मी सोबत दिले, कारण ओळखीच्या वासाने कुत्र्याला धीर येतो. काही दिवस बांधून ठेवा, असेही सांगितले. नाहीतर ती वास काढत इकडंच येईल.