एकवीस वर्षे आणि एक दिवस

काही वर्षांपूर्वी १३ ऑक्टोबरला आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना येवल्याच्या मुक्तिभूमीवर नेले होते. परतीच्या प्रवासात एका मुलाने विचारले, "सर, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा १९३५ साली केली आणि धम्मदीक्षा १९५६ साली घेतली. आम्ही गृहपाठ दोन दिवस उशिरा दिला तर तुम्ही त्याला चालढकल म्हणता. मग याला काय म्हणायचे?" बसमध्ये शांतता पसरली. सोबतच्या एका शिक्षकांनी त्याला दटावले. आम्ही मात्र त्याला शेजारी बसवून घेतले, कारण त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असाच तो प्रश्न होता.

त्या दिवशी बसमध्ये आम्ही त्याच्यासोबत हिशेब मांडला. घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. अंतर एकवीस वर्षे आणि एक दिवस. येवल्याच्या त्याच परिषदेत नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह थांबवण्याचा ठराव झाला. २ मार्च १९३० पासून पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या माणसांनी त्या दरवाजासमोर लाठ्या खाल्ल्या होत्या. आणखी किती वर्षे त्या दारात घालवायची, याचा निर्णय येवल्यात झाला. नको असलेले काम वेळीच बंद करणे हासुद्धा वेळेचा हिशेबच आहे.

मग पुढची वर्षे. मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषद भरवून बाबासाहेबांनी धर्मांतराचा प्रश्न समाजापुढे सविस्तर मांडला. त्याच वर्षी शीख धर्माच्या अभ्यासासाठी काही अनुयायांना अमृतसरला पाठवले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय. मध्ये संविधानाचे प्रचंड काम. १९५० साली ते सिलोनला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन मधुमेह आणि अधू होत चाललेली दृष्टी यांच्याशी झगडत सुरूच होते. नागपुरात लाखोंच्या समुदायाला द्यायच्या बावीस प्रतिज्ञाही त्यांनी स्वतः तयार केल्या.

बस ओझरजवळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे ते थांबले नव्हते." आम्हाला त्याचे उत्तर आमच्या व्याख्यानापेक्षा नेमके वाटले. तयारी आणि चालढकल बाहेरून सारखीच दिसतात; दोन्हींत ठरलेली गोष्ट अजून घडलेली नसते. पण तयारीच्या काळाबद्दल विचारले, तर दाखवायला काहीतरी असते.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी हल्ली नेहमी येणारा एक शब्द आहे. मेळाव्यात भेटलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुलाला "काय चालले आहे?" असे विचारले, की उत्तर येते, "तयारी चालू आहे, सर." स्पर्धा परीक्षेची तयारी, पीएच.डी.ची तयारी, व्यवसायाची तयारी. काहींची खरोखरच चालू असते. काहींची मात्र चौथ्या-पाचव्या वर्षीही तीच पुस्तके, तीच अभ्यासिका, आणि स्वतः लिहून तपासून घेतलेली उत्तरपत्रिका एकही नाही. वसतिगृहात पहाटेची घंटा होती, वंदनेची होती, अभ्यासाची होती. शाळा सुटली आणि घंटा वाजवणारा कोणी राहिला नाही. शाळेने स्वतःची घंटा स्वतः वाजवायला शिकवले का, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनीही स्वतःला विचारायला हवा.

अशा मुलांना लोक आळशी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. बुद्धांनी चित्ताला अडवणारी पाच नीवरणे सांगितली. त्यांतले थीनमिद्ध म्हणजे सुस्ती, आणि विचिकिच्छा म्हणजे शंका, डळमळ. आमच्या मुलांना बहुतेक वेळा सुस्ती अडवत नाही, विचिकिच्छा अडवते. घराण्यात पहिल्यांदाच कोणी हा रस्ता धरलेला असतो. पेपर लिहिला आणि गुण कमी पडले तर सगळ्या गावाला कळेल, म्हणून तो लिहायचाच नाही, वाचत राहायचे. वाचत राहणाऱ्याला कोणी नापास करत नाही.

येथे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली होती. बडोद्यात अपमान वाट्याला आला, मुंबईत संसाराचा भार होता. ती तारीख विसरायला कारणे पुष्कळ होती. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे जमवले, शाहू महाराजांची मदत व मित्राकडून कर्ज घेतले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, मुदत संपण्याच्या वर्षभर आधी. पुढे त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपले होते. ते एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, दुरुस्त्या करून प्रबंध येथूनच पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. परत आलेले लेखन महिनोन्‌महिने न उघडणारे कितीतरी विद्वान आम्ही पाहिले आहेत. आम्हीही त्यांतलेच.

मात्र बाबासाहेबांनी हाती घेतलेले प्रत्येक काम पूर्ण केले, असे सांगून मुलांना दडपून टाकू नये. त्यांची कितीतरी हस्तलिखिते अपुरी राहिली. महाराष्ट्र शासनाने ती पुढे लेखन आणि भाषणे या मालेत छापली. आयुष्य पुरणार नाही हे दिसू लागल्यावर कोणते काम आधी संपवायचे, हे त्यांनी निवडले. धम्माचा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. काही कामांची तारीख आपल्या हातात नसते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल. तो तहसिलात किंवा दूरच्या गावच्या शाळेत शोधावा लागतो आणि नावात एका अक्षराचा फरक निघाला तर सगळे पुन्हा. मूल अकरावीत गेले की हे काम सुरू करावे. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणारे पालक आम्ही दर जूनमध्ये पाहतो, आणि त्यांच्या मुलांचे हातचे प्रवेश गेलेलेही पाहिले आहेत.

मुलांना आम्ही एक वही ठेवायला सांगतो. रविवारच्या वंदनेनंतर त्या आठवड्यात काय पूर्ण झाले ते एका ओळीत लिहायचे. 'रोज आठ तास अभ्यास केला' ही ओळ चालत नाही. 'दोन प्रकरणे वाचली, सहा उत्तरे लिहिली, चार चुकली' ही चालते. एका मुलीने सलग तीन आठवडे 'काही नाही' असे लिहिले आणि चौथ्या रविवारी आमच्याकडे येऊन रडली. त्यानंतर तिला नेमके काय अडते आहे, ते समजले.

अशी एक वही आमचीही आहे. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला शेजारच्या वस्तीत एक वृद्ध गृहस्थ राहत. काळाराम सत्याग्रहात ते कोवळ्या वयात सामील झाले होते. एम. ए. झालेल्या आम्हाला त्यांची मुलाखत घ्यायची होती. आधी नीट तयारी करावी म्हणून आम्ही प्रश्नावली केली. चाळीस प्रश्न झाले. मग टेपरेकॉर्डर आणू, परीक्षा आटोपू, उन्हाळ्याच्या सुट्टीत निवांत बसू, असे ठरत गेले. रस्त्यात भेटले की ते विचारत, "गुरुजी, केव्हा येताय?" मे महिन्यात आम्ही गेलो, ते त्यांच्या पुण्यानुमोदनाला.

त्या वहीत चाळीस प्रश्न सुवाच्य अक्षरात आहेत. प्रत्येकाखाली उत्तरासाठी पाच-पाच ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. १९५६ साली आईबापांच्या बोटाला धरून नागपूरला गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतली काही आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरातच आजी-आजोबा म्हणून बसलेली असतील. ती वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. प्रश्न थोडे बदलावे लागतील.