पाहावयास शिकू या

मुलांनो, घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत तुम्ही अनेकदा उभे राहिला असाल. समोरचे रूळ तुम्ही कधी लक्षपूर्वक पाहिले आहेत काय? ते दूर जाता जाता एकमेकांजवळ येतात आणि शेवटी जणू एका बिंदूत मिळतात. वास्तविक ते कोठेही मिळत नाहीत. पण आपल्या डोळ्यांना तसे दिसते, आणि कॅमेराही तसेच टिपतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती याच वाटेने.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांनी आपली संस्था स्थापन केली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी एक चित्र घ्यावयाचे म्हणजे मोठा खटाटोप असे. म्हणून आधी पुष्कळ वेळ पाहावे लागे. आज मोबाइलने क्षणात चित्र घेता येते. परंतु पाहण्याचे काम मात्र अजूनही आपणासच करावे लागते.

मग पाहावे तरी काय? प्रथम रेषा पाहावी. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही सुमारे २०० फूट उंचीचा काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला शिलारस निवताना आकसला आणि त्यास उभे तडे गेले. त्यामुळे जणू अनेक खांब एकत्र बांधून ठेवावेत, तसा हा कातळ दिसतो. त्याचे चित्र घेताना कॅमेरा उभा धरला, तर त्या उभ्या रेषांची उंची मनावर ठसते.

रेषेनंतर आकार. बोरीवलीजवळच्या कान्हेरी येथील चैत्यगृहात खांबांच्या दोन रांगा आहेत व शेवटी स्तूप आहे. एकसारखे खांब पुनःपुन्हा आल्याने आपली दृष्टी आपोआप स्तूपाच्या गोल आकारापर्यंत जाते.

तिसरी गोष्ट पोत, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा. बांबूची टोपली, फणसाची साल, पावसात भिजलेली छत्री यांच्या अगदी जवळ जाऊन पाहा.

या सर्वांना रूप देतो तो उजेड. सकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा टोपलीच्या प्रत्येक विणीची सावली उठून दिसते. भर दुपारी तीच टोपली सपाट भासते. म्हणून एकाच वस्तूचे चित्र दिवसातून तीन वेळा घेऊन पाहावे.

कॅमेरा नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापा, ती डोळ्यासमोर धरा आणि काय आत ठेवावे व काय वगळावे ते ठरवा. छायाचित्रकलेचे निम्मे शिक्षण तेथेच होते. मात्र फलाटाच्या कडेला जाऊ नका, आणि कोणा माणसाचे चित्र घ्यावयाचे तर आधी त्याची संमती घ्या.

गिल्बर्ट टेकडीभोवतालचा खडक लोकांनी वर्षानुवर्षे खणून नेला. आज उरलेल्या कातळास इमारतींनी वेढले आहे. तिच्या पायथ्याशी रोज कितीतरी माणसे ये-जा करतात, पण मान वर करून पाहणारे थोडे. जे आपण पाहिलेच नाही, ते नाहीसे झाले तरी आपणास कळत नाही. डोळसपणे पाहणारा मात्र ते जपावयासही शिकतो.

स्वाध्याय

१. रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे का भासतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. टोपलीचे चित्र सकाळी घेणे का चांगले?
३. पुठ्ठ्याच्या खिडकीतून आपल्या घराचा जिना किंवा गॅलरी पाहा व दिसलेल्या रेषा, आकार आणि सावल्या यांचे दहा ओळींत वर्णन करा.