बालकाची साक्ष आणि न्यायालयाचा तराजू

"पाहणारे कोणी नाही, मग खटला टिकणार कसा?" बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला की हा प्रश्न पालकांकडून हमखास येतो. असे अपराध एकांतात घडतात, अपराधी बहुधा ओळखीचा असतो आणि अंगावर खूण राहतेच असे नाही. त्यामुळे अनेक कुटुंबे पोलीस ठाण्याची पायरीही चढत नाहीत. हा गैरसमज दूर व्हावा आणि निवासी शाळेतील आम्हा शिक्षकांची जबाबदारी स्पष्ट व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साक्षीदार किती असावेत, हे आपल्या पुरावा कायद्याने ठरवलेले नाही. त्यांच्या वयाची किमान अटही घातलेली नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारी व्यक्ती साक्षीस पात्र असते. १८७२ च्या कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात पीडित मुलगी अवघ्या आठ वर्षांची होती आणि तिला शपथही दिली गेली नव्हती. डिसेंबर १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की शपथ नाही म्हणून साक्ष बाद होत नाही. पूरक पुरावा शोधणे ही न्यायाधीशाने बाळगायची सावधगिरी आहे, दोषसिद्धीची अट नव्हे. घटनेनंतर काही तासांत मुलीने आईला जे सांगितले, तेच न्यायालयाने पूरक पुरावा म्हणून स्वीकारले. पुढे दत्तू रामराव सखारे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९७) या खटल्यातही विश्वसनीय बालसाक्षीदाराच्या एकट्या साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते, हे तत्त्व मांडले गेले.

मग न्यायालय तोलते काय? सर्वप्रथम, बालक पढवलेले तर नाही ना, हे पाहिले जाते. त्यासाठी न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारून त्याची समज पारखतात. त्यानंतर मूळ कथन पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत टिकले का, हे तपासले जाते. वेळ, वार यांसारख्या किरकोळ तफावतींमुळे साक्ष कोसळत नाही. तक्रारीस झालेल्या विलंबाचे कारण पटण्याजोगे असेल तर तो विलंब घातक ठरत नाही. वैद्यकीय तपासणीत इजा आढळली नाही, एवढ्यावरून अपराध घडला नाही असेही ठरत नाही.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने या तराजूत आणखी एका तत्त्वाची भर घातली. या कायद्याच्या उद्देशिकेतच संविधानाच्या अनुच्छेद १५(३) चा आधार आहे. त्याच्या कलम २९ नुसार गंभीर अपराधांत आरोपीने कृत्य केले असे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. तथापि मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षानेच सिद्ध करावी लागतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. निरपराध व्यक्तीच्या रक्षणासाठी हे आवश्यकच आहे.

साक्षीच्या वेळी बालकाला आरोपी समोर दिसू नये, सुनावणी बंद दालनात व्हावी, वकिलांनी थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारावेत, अशा तरतुदी या कायद्यात आहेत. घाबरलेले मूल गप्प राहते आणि ते गप्प राहिले की पुरावाच हरवतो. या तरतुदींमागचे कारण हेच आहे.

आता आमच्या जबाबदारीविषयी. पोक्सो लागू होण्यासाठी वय १८ च्या आत असल्याचे सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते, नंतर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी होते. २०२३ मध्ये एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा मानला नाही. म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला द्यावा, अंदाजे तारीख लिहवू नये.

मूल काही सांगू लागले तर त्याचे पूर्ण ऐकावे. "अमक्यानेच केले ना?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. पुनःपुन्हा वदवून घेऊ नये, कारण तीच "पढवल्याची" खूण म्हणून बचाव पक्ष पुढे आणतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. त्याचे नाव कोठेही उघड करू नये आणि विलंब न लावता पोलिसांना कळवावे. कळवणे ऐच्छिक नाही. ते टाळणे हा कलम २१ प्रमाणे अपराध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती दडवणे हा गंभीर अपराध असल्याचे बजावले.

संस्थेची अब्रू जाईल, या भीतीने प्रकरण आपसांत मिटवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आई-वडिलांनी विश्वासाने आमच्या हाती सोपवलेल्या लेकरांपेक्षा संस्थेची अब्रू मोठी नाही. लेकराने आमच्यापाशी तोंड उघडले, तर त्याचा शब्द जसाच्या तसा न्यायालयापर्यंत पोहोचवणे हे आमचे कर्तव्य आहे.