आंभोऱ्याला निघण्याआधी

नागपुरातून कुही-वेलतूरमार्गे दीड-दोन तासांत आंभोऱ्याला पोहोचता येतं. वैनगंगेला इथे कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी येऊन मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, असं परंपरा सांगते. 2024 च्या सुरुवातीला केबलच्या आधारावरचा नवा पूल खुला झाला आणि त्यावरच्या उंच गॅलरीतून संगम पाहायला रविवारी झुंबड उडू लागली.

येणारे आभाळ पाहून घरून निघतात. इथे तेवढ्याने भागत नाही.

पावसाळा सरता सरता, लख्ख उन्हात, एक कुटुंब काठावर डबे उघडून बसलेलं आम्ही पाहिलं आहे. मुलं ज्या पायरीवर बसली होती, ती जेवणं आटपेपर्यंत पाण्याखाली गेली. लाट नाही, आवाज नाही. जलपर्णीचे पुंजके तेवढे भरभर सरकू लागले. जाळं आवरणाऱ्या एका ढिवरकाकांनी हाक दिली, "पोट्ट्यायले वर घ्या जी, वरतून पानी सोडलं हाय!" म्हणून सगळे वेळेत वर आले.

हे पाणी दुरून येतं. वैनगंगेवर मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आहे, तर कन्हानला मिळणाऱ्या पेंचवर तोतलाडोह. ती भरली की विसर्ग सुरू होतो. खाली गोसीखुर्दचं 33 दरवाज्यांचं धरण, त्याचा फुगवटा थेट आंभोऱ्यापर्यंत. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली.

म्हणून जुलै ते सप्टेंबरात निघण्याआधी पेंच आणि गोसीखुर्दच्या विसर्गाची बातमी पाहावी, प्रशासनाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. काठावर पोहोचल्यावर ढिवर बांधवांना विचारावं आणि ते नको म्हणाले, तर हुज्जत घालू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो, खाली मात्र गुडघाभर चिखल असतो. तिथे मुलांना सोडू नये. तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावणंही टाळावं, कारण नागपूरचं सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानमार्गे इथेच येते.

बोटीचा मोह सर्वांत मोठा. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची बोट उलटली, त्याच्या थोडा वेळ आधीपर्यंत बोटीतून मोबाइलवर थेट चित्रण चालू होतं. वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळतं आणि राजमहेंद्रीखाली त्रिभुज प्रदेशात पसरतं. त्या प्रदेशाच्या थोडं वर, पापीकोंडलूच्या वाटेवर, 15 सप्टेंबर 2019 रोजी पर्यटकांची बोट पुरात बुडून चाळीसहून अधिक माणसं गेली. लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये. बोट खचाखच भरली असेल, तर भाडं सोडून उतरावं.

पाणी चढतं असेल, तेव्हा देऊळ आणि पुलावरची गॅलरी एवढंच पाहावं. संगम तिथूनच सर्वांत छान दिसतो. बोटीची हौस डिसेंबर-जानेवारीत भागवावी आणि त्याच सहलीत पवनीही जोडावी. तिथला जुना तट आणि जगन्नाथ टेकडीवर उत्खननात सापडलेला बौद्ध स्तूप पाहायला अर्धा दिवस हाताशी ठेवावा.